एकाच गिऱ्हाइकाचं रेशीम : योकोहामाचा बाजार, १८५९ ते १९४१

१९३० साली जपानमध्ये रेशीम कोषांचं जे उत्पादन झालं, तेवढं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. देशभरात मिळून जवळपास चार लाख टन कोष निघाले. त्याच वर्षी कोषाचा भाव आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आला.

माल भरपूर आणि भाव मातीमोल, हे चित्र कांदा पिकवणाऱ्या मुलखाला नवं नाही. पण कांद्यात पीक जास्त येतं म्हणून भाव पडतो. इथे उलट झालं होतं. भाव पडला तो ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यामुळे, आणि भाव पडल्यावर शेतकऱ्याने कोष कमी केले नाहीत, आणखी वाढवले. असं का झालं, आणि सत्तर वर्षं चढत गेलेल्या व्यापाराचा तोटा शेवटी कोणाच्या पदरात पडला, हे समजायला योकोहामाचा बाजार उभा राहिला तिथपासून सुरुवात करावी लागते.

रोग तिकडे, संधी इकडे

१८५९ च्या जुलैमध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं. तोवर ते एक किरकोळ कोळीवाडं होतं. त्या काळात फ्रान्स आणि इटलीतल्या रेशीमकिड्यांना पेब्रिन नावाच्या रोगाने घेरलं होतं. किड्याच्या अंगावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके यायचे आणि घरंच्या घरं रिकामी व्हायची. फ्रान्समध्ये १८५३ साली सुमारे २६ हजार टन कोष निघाले होते; १८६५ मध्ये ते चार हजारांवर आले. त्याच वर्षी लुई पाश्चर फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आलेस गावी या रोगामागे लागले. अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगी निघाली तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, ही त्यांनी बसवलेली रीत. आजही आपल्याकडे शेतकऱ्याला मिळणारे अंडीपुंज अशाच तपासणीतून पार झालेले असतात. मात्र ही रीत रुळेपर्यंत फ्रान्सच्या रेशीम विणणाऱ्या ल्यों शहरातल्या मागांना सूत हवं होतं. दुसरा मोठा पुरवठादार चीन, पण त्याचा रेशमाचा मुलूख तायपिंग बंडात होरपळत होता.

म्हणजे योकोहामा उघडलं ते नेमकं जगाला रेशमाची टंचाई असताना. कच्चं रेशीम तर गेलंच, पण कार्डावर चिकटलेली निरोगी अंडीसुद्धा इटालियन व्यापारी जहाजं भरून नेऊ लागले. काही वर्षांतच जपानच्या एकूण निर्यातीत रेशीम आणि अंडी यांचा वाटा निम्म्याहून बराच वर गेला. देशातला भाव भडकला आणि क्योटोच्या निशिजिन भागातल्या विणकरांना सूत परवडेना. शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, सरकारने १८६० मध्ये हुकूम काढला, की रेशमासह पाच वस्तू आधी एदो (आजच्या टोकियो) शहरातल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे न्यायच्या आणि मगच योकोहामाला. परदेशी वकिलातींनी आरडाओरडा केला, गावाकडच्या व्यापाऱ्यांनी आडवाटा शोधल्या, आणि हुकूम नावापुरता राहिला. डोंगरातल्या खेड्यात तुतीचा पाला खुडणाऱ्या बाईचं उत्पन्न आता ल्योंच्या भावाशी बांधलं गेलं होतं.

‘पाहणी’ नावाचा सापळा

बंदर ज्या तहाने खुलं झालं त्याप्रमाणे परदेशी व्यापाऱ्याला देशात आत जाता येत नव्हतं. त्याने बंदरातल्या आपल्या वस्तीतच खरेदी करायची. वरवर पाहता ही अट जपानी लोकांच्या फायद्याची. आतला सगळा माल जपानी दलालांच्या हातातूनच यायचा. या दलालांपैकी हारा झेन्झाबुरो आणि मोगी सोबेइ यांच्या पेढ्या सर्वांत मोठ्या झाल्या.

पण सौद्याची रीत बघा. जपानी व्यापारी नमुना दाखवायचा, भाव तोंडी ठरायचा आणि मग सगळ्या गाठी परदेशी पेढीच्या गोदामात न्यायच्या. तिथे त्यांची ‘पाहणी’ व्हायची. पाहणीला किती दिवस लागतील याला धरबंध नव्हता. वजन परदेशी व्यापारीच करणार, प्रतही तोच ठरवणार आणि विम्याची जोखीम मात्र विकणाऱ्याची. पाहणी चालू असताना युरोपातून तारेने बातमी आली की भाव उतरलाय, तर अचानक सुतात खोट सापडायची आणि माल परत. भाव चढला असेल तर माल मुकाट ठेवून घ्यायचा. भावाचा चढउतार एकाने भोगायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, याचं इतकं उघड उदाहरण व्यापाराच्या इतिहासात क्वचितच मिळेल. विकणाऱ्यांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. घरोघरी हाताच्या रहाटावर काढलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक. आणि वजन वाढावं म्हणून भेसळही व्हायची. दोन्हीकडचा अविश्वास एकमेकांवर पोसला गेला होता.

सप्टेंबर १८८१ मध्ये योकोहामाच्या रेशीम व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचं संयुक्त गोदाम काढलं. माल यापुढे इथेच राहील, वजन आणि तपासणी इथेच होईल, सौदा नमुन्यावर आणि रोख, असं त्यांनी जाहीर केलं. परदेशी पेढ्यांनी खरेदी थांबवली. दोन महिने बंदरात रेशमाचा व्यवहार जवळजवळ ठप्प होता. माल अडवून धरायचा तर गावाकडे पैसा पोचवत राहावा लागतो, कारण सूत काढणाऱ्याने कोष उधारीवर घेतलेले असतात. शिबुसावा एइइचींसारख्या बँकवाल्यांचं पाठबळ होतं म्हणून व्यापारी तेवढे टिकले. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. मागितलं होतं तेवढं हाती आलं नाही. तरी मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण या साखळीतल्या एका कडीने ‘जोखीम आमच्याच माथी का’ हा प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे विचारला. पुढे १८९६ मध्ये योकोहामात सरकारी रेशीम तपासणी केंद्र आलं. रेशीम हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे त्याचं खरं वजन काय, हा कायमचा वाद. तो आता तिसरा माणूस यंत्राने मोजून मिटवू लागला.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायची. हा प्रश्न विचारला तो योकोहामाच्या व्यापाऱ्याने, स्वतःसाठी. त्याच्या खालच्या कड्यांना तो विचारायची सोय त्यानेच पुढे ठेवली नाही.

पैसा कसा खाली उतरायचा

कच्च्या रेशमाच्या खर्चात चार पंचमांशाच्या आसपास खर्च एकट्या कोषाचा असतो. कोष वर्षातून काही ठरावीक आठवड्यांतच बाजारात येतात. कोषांतून सूत काढणाऱ्या गिरणीवाल्याला त्या काही आठवड्यांत वर्षभराचा कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो आणि सूत मात्र वर्षभर थोडं थोडं विकलं जातं. हा मधला पैसा येणार कुठून?

योकोहामाचा घाऊक दलाल हंगामाआधी गिरणीवाल्याला आगाऊ रक्कम द्यायचा. त्याला बँका द्यायच्या; १८८० मध्ये निघालेली योकोहामा स्पेशी बँक आणि पुढे बँक ऑफ जपान यांच्या हुंड्या वटवण्यावर हे सगळं चालायचं. बदल्यात गिरणीने आपलं सूत त्याच दलालामार्फत विकायचं, दलाली आणि व्याज वळतं करून घ्यायचं. आपल्याकडच्या आडत्याची आठवण येईल, आणि ती बरोबरच आहे.

या रचनेचं कौतुकही करायला हवं. भांडवल नसलेल्या डोंगरी गावांत शेकड्यांनी गिरण्या उभ्या राहिल्या त्या या उधारीच्या जोरावर. दलाल डोळे मिटून पैसे देत नसे. कोणाचं सूत एकसारखं येतं, कोण वायदा पाळतो, याची त्याच्याकडे चोख नोंद असायची. एका अर्थी गुणवत्तेचा पहारेकरीही तोच.

पण भाव उतरला की हीच साखळी उलटी फिरायची. बँक दलालाला आवळायची, दलाल गिरणीला. गिरणीवाल्याच्या हातात आवळण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या, कोषाचा भाव आणि पोरींची मजुरी.

टोमिओका आणि सुवा

सरकारने गुन्मा प्रांतात टोमिओका इथे वाफेवर चालणारी नमुना गिरणी उभारली आणि ती ऑक्टोबर १८७२ मध्ये सुरू झाली. फ्रेंच तंत्रज्ञ पॉल ब्रुना, विटांची भव्य इमारत, कोष गरम पाण्यात सोडून सूत काढायच्या ३०० कढया. कामाला मुली मात्र मिळेनात, कारण फ्रेंच लोक मुलींचं रक्त पितात अशी अफवा पसरली होती. ते पीत होते रेड वाइन. शेवटी गिरणीचे पहिले प्रमुख ओदाका आत्सुतादा यांनी स्वतःच्या मुलीला, यूला, पहिली कामगार म्हणून आणलं. पुढच्या वर्षी वादा एइसारख्या सामुराई घरांतल्या मुली आल्या, शिकल्या आणि आपापल्या गावी जाऊन शिकवू लागल्या. गिरणी म्हणून टोमिओकाला सरकारी काळात पैसा मिळवता आला नाही. १८९३ मध्ये ती मित्सुईला विकली गेली. शाळा म्हणून मात्र तिने आपलं काम चोख केलं.

खरा धंदा उभा राहिला नागानोतल्या सुवा तळ्याकाठी, ओकाया आणि आसपासच्या गावांत. तिथल्या लोकांनी टोमिओकाचं यंत्र पाहिलं आणि त्यातलं महागडं तेवढं काढून टाकलं. लोखंडाच्या जागी लाकूड, धातूच्या कढयांऐवजी चिनी मातीच्या, वाफेच्या इंजिनाऐवजी पाणचक्की. एका कढईमागचा खर्च टोमिओकाच्या तुलनेत नगण्य झाला. हा जुगाड नव्हता; मोठी अक्कल होती. काताकुरा हे घराणं इथूनच वर आलं.

या गिरण्यांत शेजारच्या हिदा भागातल्या मुली बर्फातून नोमुगी खिंड ओलांडून यायच्या. बारा-तेरा वर्षांच्याही असायच्या. बापाने आगाऊ रक्कम घेतलेली असायची, म्हणजे उधारीची साखळी घरापर्यंत पोचलेली. मजुरीची पद्धत तर नीट समजून घेण्यासारखी आहे. मुलीने किती सूत काढलं, तेवढ्या कोषांतून किती निघायला हवं होतं, जाडी किती एकसारखी आहे, चकाकी कशी आहे, हे रोज तपासलं जायचं. मात्र मजुरी तिच्या कामावर ठरत नसे, बाकीच्यांच्या मानाने तिचा क्रमांक कितवा यावर ठरायची. एकूण मजुरीची रक्कम आधीच ठरलेली. समजा सगळ्याच मुलींनी गेल्या महिन्यापेक्षा दीडपट चांगलं काम केलं. तर सगळ्यांना मिळून मिळणार तेवढेच पैसे. एकीचा पगार वाढला तर तो दुसरीच्या पगारातून आला. मैत्रिणीला मैत्रिणीची स्पर्धक करणारी ही युक्ती मला त्या गिरण्यांच्या कोंदट वाफेपेक्षा क्रूर वाटते.

मुलींनी हे मुकाट सोसलं असं नाही. १८८६ च्या जूनमध्ये कोफू शहरातल्या आमेमिया गिरणीत मालकांनी कामाचा दिवस वाढवून मजुरी उतरवली, तेव्हा शंभरच्या आसपास मुली काम टाकून एका देवळात जाऊन बसल्या आणि काही सवलती मिळवूनच परतल्या. जपानच्या कारखान्यांतला हा पहिला संप मानला जातो. १९२७ मध्ये ओकायात यामाइची हायाशी गिरणीच्या सुमारे १,३०० कामगारांनी, बहुतेक मुलींनीच, १९ दिवस संप केला. मालकांनी वसतिगृह आणि स्वयंपाकघर बंद केलं. मुली हरल्या.

अमेरिकन मोजा

ल्यों हळूहळू मागे पडलं आणि अमेरिका पुढे आली. तिथे यादवी युद्धाच्या काळात रेशमी कापडावर जबर आयातकर बसला होता आणि कच्चं रेशीम मात्र करमुक्त होतं. साहजिकच न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरात रेशमाचे यंत्रमाग धडधडू लागले. १८७६ मध्ये आराई र्‍योइचिरो हा गुन्माचा तरुण न्यूयॉर्कला जाऊन परदेशी पेढ्यांना वगळून थेट विक्री करू लागला. यंत्रमागाला सुताचा देखणेपणा दुय्यम; त्याला हवं सारखेपण. धागा तुटला की माग थांबतो, आणि अमेरिकेत मजुरी महाग. जपानने हे सारखेपण पुरवायचा चंग बांधला. तोयामा कामेतारो यांनी दाखवून दिलं, की दोन वाणांच्या संकरातली पहिली पिढी जोमदार असते आणि तिचे कोष एकसारखे येतात. १९१४ पासून सरकारने असे संकरित अंडीपुंज वाटायला सुरुवात केली. डोंगरातल्या थंड वाऱ्याच्या गुहांत अंडी ठेवून ती हवी तेव्हा उबवायची सोय झाल्याने वसंतासोबत उन्हाळी आणि शरदातलं पीकही मिळू लागलं. १९०९ च्या सुमारास जपानने चीनला मागे टाकलं. बोटीने आलेलं रेशीम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून खास रेल्वेगाड्यांनी न्यूयॉर्ककडे धावायचं. त्या गाडीला वाट द्यायला प्रवासी गाड्या बाजूला थांबायच्या.

या भरभराटीत आपलीही माणसं होती. सिंधी पेढ्या योकोहामातून रेशमी कापड मुंबईला आणि पुढे जगभर पाठवत. १९२३ च्या भूकंपात योकोहामा बेचिराख झालं, तेव्हा शहराने या व्यापाऱ्यांना आधार दिला. त्याच्या कृतज्ञतेपोटी १९३९ मध्ये भारतीयांनी बांधून दिलेलं घुमटाचं पाणपोईवजा कारंजं यामाशिता बागेत आजही आहे. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या जपानभेटीनंतर बंगळूरला रेशीम फार्म काढला आणि तिथे जपानी माणसं आणली, तीही याच धाग्याची एक गाठ.

१९२० च्या दशकात चित्र पालटलं. रेयॉन हा कृत्रिम धागा स्वस्त झाला आणि विणकामातून रेशमाला ढकलू लागला. रेशमाकडे उरला तो मुख्यतः बायकांचा पायमोजा. पाचसहा कोषांची टोकं एकत्र ओढून केलेलं १४ डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे धाग्याची जाडी मोजायचं माप) आसपासचं बारीक, लवचिक, निर्दोष सूत. त्याला पर्याय नव्हता. दशक संपताना जपानच्या कच्च्या रेशमाच्या निर्यातीतला ९० टक्क्यांहून अधिक माल एकट्या अमेरिकेला जात होता. जपानमध्ये २२ लाख शेतकरी कुटुंबं, म्हणजे दर पाचांतली दोन, रेशीमकिडे पाळत होती. ओ-काइको-सामा, अशा आदरार्थी नावाने घरातल्या बायका त्या किड्यांना हाक मारत.

एका देशावर अवलंबून राहणं ही जपानची चूक होती, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक जगात नव्हतंच. बिघाड दुसरीकडे होता. योकोहामापासून वर सगळ्यांना काही ना काही आधार होता, बँकेचा, तारणाचा, सरकारचा. खाली गिरणीपासून घरापर्यंत भावाचा फटका झेलणारी एकही उशी नव्हती.

१९३०

न्यूयॉर्क कोसळल्यावर मोजा ही पहिली काटछाट करायची चीज ठरली. त्यात जानेवारी १९३० मध्ये अर्थमंत्री इनोउए जुन्नोसुके यांनी येन जुन्या दराने सोन्याशी बांधला, म्हणजे डॉलरच्या मानाने सुमारे दहा टक्के महाग केला. मंदीच्या तोंडावर निर्यातदाराला याहून मोठी जखम करता आली नसती. १९२९ मध्ये ६० किलोंच्या गाठीला १,३०० येनच्या आसपास भाव होता. १९३२ च्या उन्हाळ्यात तो ४०० वर आला.

सरकारने मदत केली, पण कोणाला? रेशीम तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांचा तोटा भरून द्यायची हमी १९२९ च्या कायद्याने दिली होती. त्या जोरावर गोदामांत लाखाच्या आसपास गाठी साचल्या आणि १९३२ मध्ये सरकारनेच त्या विकत घेतल्या. कोषाला अशी हमी नव्हती. कोष घरात ठेवून भावाची वाट बघता येत नाही. आठदहा दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि सलग धागा संपतो. जालना-बीडकडच्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वाळवणीची सोय नसेल तर मिळेल त्या भावाला कोष द्यावाच लागतो. मोठ्या गिरण्यांनी तर अंडीपुंज पुरवून सगळा कोष आपल्यालाच घालायचे करार गावोगाव केले होते.

आणि तरीही शेतकऱ्याने कोष वाढवले. तुती एकदा लावली की वर्षानुवर्षं पाला देते, ती उपटून दुसरं पीक उभं करायला पैसा लागतो. घरच्या बायकामुलांच्या श्रमाला दुसरं गिऱ्हाईक नाही. कराचा आणि व्याजाचा आकडा तोच, मग किलोमागे निम्मे मिळत असतील तर किलो दुप्पट करायचे. प्रत्येक घराने शहाणपणाचं केलं आणि सगळ्यांनी मिळून भाव आणखी पाडला.

सुवाच्या गिरण्या बुडू लागल्या. संप मोडणारी यामाइची हायाशीही १९३० मध्येच बुडाली. मुलींची मजुरी थकली. कित्येकजणी रिकाम्या हाताने खिंडीपलीकडे परतल्या. खेड्यांच्या तिजोऱ्या आटल्या आणि शिक्षकांचे पगार रखडले. डिसेंबर १९३१ मध्ये येन पुन्हा सोन्यापासून सुटला आणि सुती कापडाची निर्यात झपाट्याने सावरली, पण रेशीम सावरलं नाही, कारण मोज्याला येन स्वस्त झाल्याचा उपयोग मर्यादित होता. पुढच्या वर्षांत चीनच्या ईशान्येकडच्या, जपानने बळकावलेल्या मांचुरियात वसवण्यासाठी माणसं नेली गेली, तेव्हा सर्वांत जास्त, ३० हजारांहून अधिक, नागानोतून गेली. त्यामागे लष्कराचा प्रचारही होताच. पण कोषाचे पैसे येत असते तर इतकी घरं उठली असती असं वाटत नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर त्याचे मोजे विक्रीला आले. रेशमाच्या ज्या एकसारखेपणासाठी तोयामांपासून ओकायाच्या कढईवरच्या मुलीपर्यंत सगळे पन्नास वर्षं झिजले, ते नायलॉनला जन्मतःच मिळालं होतं. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानी मालमत्ता गोठवली आणि योकोहामाचं रेशीम बंदरातच राहिलं.

युद्धाच्या काळात तुती उपटून तिथे धान्य लावलं गेलं. सुवा तळ्याकाठी पुढे घड्याळांचे कारखाने आले. टोमिओकाची गिरणी १९८७ पर्यंत चालली, आता ती जागतिक वारसा आहे. जपानच्या सरकारी नकाशांत तुतीच्या शेतासाठी एक स्वतंत्र खूण असायची. २०१३ च्या नव्या नकाशापद्धतीत ती गाळण्यात आली.